सहा किलोमीटरांचे कलम

गिरणाकाठच्या भडगावाहून कजगाव स्थानकाकडे, अथवा कोळगाव-गुढ्याच्या बाजूस निघालेल्या मनुष्यास दुतर्फा कपाशी व केळी यांखेरीज फारसे काही दिसत नाही. गावे विरळ आणि मध्ये शिवार मोठे. भ्रमणध्वनीच्या येऊ घातलेल्या सहाव्या पिढीची रचना कशी असावी, हा प्रश्न मुख्यतः या मधल्या शिवाराचा आहे, असे माझे मत आहे.

वृत्तपत्रे मात्र या पिढीच्या वेगाचेच गोडवे गातात. वेग ज्या उच्च कंप्रतेच्या लहरींवर मिळतो त्यांची पोच तोकडी असते. 700 मेगाहर्ट्झची सुमारे 43 सेंटिमीटर लांबीची लहर झाडाझुडपांतून पुष्कळ दूर जाते, तर 26 गिगाहर्ट्झची, सव्वा सेंटिमीटरही न भरणारी लहर पाण्याने भरलेल्या केळीच्या पानांत जिरते. टेराहर्ट्झ लहरींची गोष्ट खानदेशात तूर्त न काढलेली बरी!

याहून मोठी अडचण उलट दिशेची आहे. मनोऱ्यास वीज मुबलक, म्हणून त्याचा संदेश बांधावर पोचतो. परंतु हातातील फोनची प्रक्षेपणशक्ती साधारणतः वॉटचा पाचवा हिस्सा, म्हणून त्याचे उत्तर मनोऱ्यापर्यंत जात नाही, आणि रेंजच्या दांड्या दिसत असूनही फोन लागत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पाचव्या पिढीच्या ग्रामीण कसोटीत दोन मनोऱ्यांमधील अंतर 1,732 मीटर धरलेले होते. भारताच्या आग्रहामुळे 2017 साली तीत 6 किलोमीटर अंतराचे निराळे कलम दाखल झाले, म्हणजे एकेका मनोऱ्याने बारापट क्षेत्र सांभाळावयाचे. त्यास अनुसरून ‘टीएसडीएसआय’ या भारतीय दूरसंचार मानक संस्थेने ‘फाइव्ह-जी-आय’चा मसुदा सिद्ध केला. फोनच्या लहरीतील चढउतार कमी करून त्याच यंत्रातून अधिक शक्तीने प्रक्षेपण साधावे, ही त्यातील मुख्य तजवीज होय. दोन मानकांसाठी दुहेरी खर्च नको, ही कंपन्यांची तक्रार अगदीच गैरवाजवी नव्हती. अखेर हा मसुदा जागतिक मानकाच्या सतराव्या आवृत्तीत विलीन झाला.

मनोऱ्यापलीकडचाही विचार महाराष्ट्रात झालेला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यात खामलोली परिसरात दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांतून खेड्यांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखविले. ‘भारतनेट’ची तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत येते; तेथून मळ्यापर्यंतची मजल बिनतारी करावयाची, ही वाट मला टेराहर्ट्झपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

नोव्हेंबर 2023 मध्ये संघाने सहाव्या पिढीचा जो आराखडा मंजूर केला, त्यातील सहा उपयोगांत सर्वव्यापी जोडणीही आहे, आणि मुदत 2030 ची आहे. त्या जोडणीची कसोटी ठरविताना सहा किलोमीटरांच्या कलमाशेजारी आणखी एक कलम असावे: वीज गेल्यावर मनोरा किती तास बोलता राहिला पाहिजे. रात्रीच्या पाळीने कृषिपंपास वीज घेणाऱ्या शेतकऱ्याच्या लेखी फोनच्या वेगाआधी हा आकडा येतो.