आकड्यांत दडलेला मारिओ

भरतकामाच्या पुस्तकातील नक्षीचा कागद तुम्ही पाहिला असेल. बारीक चौकटींच्या त्या कागदावर मोर असतो, पण त्याला रंग नसतात. चौकटींत केवळ खुणा असतात, आणि कोणत्या खुणेसाठी कोणता दोरा घ्यावयाचा हे समासात निराळे लिहिलेले असते. तो समास फाटून गेला, तर मोराचा आकार हाती राहील. त्याचा निळा पिसारा मात्र गेला. जुन्या खेळांतील चित्रे आजच्या संगणकावर आणू पाहणाऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण उभी राहते.

जपानमधील क्योटो शहराच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ नावाचे खेळयंत्र विक्रीस आणले. ते घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे आणि त्यात हव्या त्या खेळाची कार्ट्रिज बसवावयाची. १९८५ साली या यंत्रासाठी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ निघाला. शिगेरू मियामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला हा संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावलेला आहे, आणि त्यांपैकी चित्रांच्या वाट्याला आले ८ किलोबाइट, म्हणजे ८,१९२ बाइट! आज आपण सहज काढतो ते एक छायाचित्रही याहून कितीतरी पट जागा घेते.

एवढ्याशा जागेत चित्रे बसवावयाची, तर काटकसर हवीच. म्हणून प्रत्येक चित्र लहान तुकड्यांचे बनविले जाई. एका तुकड्यात आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके. असा तुकडा १६ बाइटमध्ये मावतो. तेव्हा ८,१९२ बाइटांत ५१२ तुकडे झाले. लहान मारिओ अशा चार तुकड्यांचा असतो. पडद्यावर हवे तेथे हलविता येणाऱ्या अशा चित्राला स्प्राइट म्हणतात. काटकसरीची गंमत पाहा : या खेळातील आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे तुकडे एकच आहेत. एकाला पांढरा रंग दिला, दुसऱ्याला हिरवा, एवढेच!

आता हे तुकडे वाचावयाचे कसे? एक बाइट म्हणजे शून्य किंवा एक अशा आठ अंकांची ओळ. तुकड्याच्या पहिल्या आठ बाइटांत आठ ओळींचा एक थर असतो व नंतरच्या आठ बाइटांत दुसरा. हे थर एकावर एक ठेवावयाचे. पहिल्या थरातील एकाची किंमत एक, दुसऱ्या थरातील एकाची किंमत दोन. समजा, पहिल्या थराची ओळ ०११००११० आहे आणि दुसऱ्या थराची ००११११००. दोहोंची ठिपक्यागणिक बेरीज केली, की ०, १, ३, २, २, ३, १, ० असे आकडे मिळतात. वहीतील चौकटींत हे स्वतः करून पाहा. थरांची अदलाबदल झाली, तर एकाच्या जागी दोन येतात व मारिओचा चेहरामोहराच बदलतो.

परंतु आकडे मिळाले, तरी रंग कोठे आहेत? तुकड्यात ते नाहीतच! शून्य म्हणजे पारदर्शक, आणि एक, दोन व तीन हे कोणते रंग ते खेळाचा कार्यक्रम निराळे सांगतो. मारिओसाठी तो लाल, त्वचेचा व तपकिरी रंग सांगतो. त्याचा भाऊ लुईजी याच्यासाठी त्याच तुकड्यांना पांढरा, त्वचेचा व हिरवा. म्हणून जो केवळ तुकडे उचलतो, त्याच्या हाती दोघांपैकी कोणीच पुरता लागत नाही. शिवाय फॅमिकॉम आपले रंग दूरचित्रवाणीच्या संकेतांतून पाठवी, व ते संचासंचावर थोडे निराळे दिसत. त्यामुळे मारिओचा लाल नेमका कोणता, यावर आजही जाणकारांत मतभेद आहेत.

रंग ठरले, की चित्र आजच्या स्वरूपात साठवावयाचे. येथे पुष्कळांची चूक होते. जेपेग हे स्वरूप छायाचित्रांसाठी आहे. जागा वाचविण्यासाठी ते बारीक तपशील गाळते, आणि ठिपक्यांच्या कडांभोवती मळकट डाग उमटतात. चौसष्ट ठिपक्यांच्या चित्रात गाळण्याजोगे असते तरी काय? १९९६ साली सिद्ध झालेले पीएनजी हे स्वरूप मात्र एकही ठिपका बदलत नाही. त्यात रंगांची यादी वेगळी ठेवून चित्रात केवळ यादीतील क्रमांक लिहिता येतात, आणि एखादा क्रमांक पारदर्शकही ठरविता येतो. नक्षीचा कागद समासासह जपला जातो, असेच म्हणा ना!

चित्र मोठे करावयाचे असेल, तर दुप्पट, तिप्पट असे पूर्ण पटीनेच करावे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा सारखा चौकोन होतो. दीडपट केल्यास काही ठिपके जाड व काही बारीक होतात. आणखी एक बारकावा आहे. जुन्या दूरचित्रवाणीवर फॅमिकॉमचा ठिपका उंचीपेक्षा किंचित रुंद दिसे. आजच्या पडद्यावर तो चौरस असतो, म्हणून तेथे मारिओ थोडा सडपातळ वाटतो. त्याला पूर्वीसारखा रुंद करावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते, मूळ ठिपक्यांची लहान प्रत तशीच ठेवावी आणि रुंद करावयाचा तो दुसऱ्या प्रतीत करावा.