कोंकणचे शनवार तेली

एखादें कुटुंब परमुलुखांतून येऊन गांवीं बिऱ्हाड करूं लागलें म्हणजे साऱ्या गांवाचे डोळे त्याच्या उंबऱ्याकडे वळतात. हीं माणसें कोण, कोठलीं, कोणापैकीं, हा प्रश्न ओसरीवर आणि पाणवठ्यावर सुरू होतो. आणि त्याचें समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत त्या घरीं हळदीकुंकवाचें बोलावणें जात नाहीं. कुळ, गोत्र आणि मूळ गांव पुसण्यांत आपलीं सुशिक्षित घरेंही कोणास हार जाणारीं नाहींत. परंतु या प्रश्नाच्या उत्तरादाखल दाखवावयास ज्यांच्यापाशीं कागदाचा कपटाही नव्हता, अशीं कांहीं कुटुंबें आपल्याच कोंकणांत आलीं आणि शतकानुशतकें नांदलीं. त्यांची हकीकत विचार करण्याजोगी आहे.

हीं कुटुंबें म्हणजे बेने इस्रायल, अर्थात् इस्रायलचीं लेंकरें. त्यांच्या परंपरेप्रमाणें, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागनजीक नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढींच काय तीं वांचलीं. समुद्रानें परत दिलेलीं प्रेतें त्यांनीं तेथेंच पुरलीं. ती जागा हा समाज आजही पवित्र मानतो. हें केव्हां घडलें याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कोणी दोन हजार वर्षें मागें जातात, कोणी बरेच अलीकडे येतात. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. स्मरणांत उरलें तें इतकेंच: एकाच देवाची साक्ष देणाऱ्या 'शेमा' प्रार्थनेचें पहिलें वाक्य, आठव्या दिवशीं मुलाची सुंता, खवले व पर नसलेला मासा वर्ज्य, आणि शनिवारची विश्रांति.

अशा माणसांनीं पोट कशावर भरावें? जमीन नाहीं, वतन नाहीं, बलुत्यांत वांटा नाहीं. त्यांनीं तेलाचा घाणा धरला. देवापुढील दिव्यास, स्वयंपाकास आणि डोक्यास तेल हें प्रत्येक घरीं लागणारच. आणि पेंड गुरांच्या कामीं येणार. ज्याच्या घाण्यावर सारें गांव अवलंबून, त्याच्या वंशावळीची चौकशी फार दिवस चालत नाहीं. तेली तर कोंकणांत आधींही होते. महादेवाचा वार म्हणून ते सोमवारीं घाणा बंद ठेवीत, त्यांस सोमवार तेली म्हणत. हे नवे लोक शनिवारीं बैल सोडीत, म्हणून हे झाले शनवार तेली. या नांवांत थट्टा असेल, परंतु समजूतही आहे. देवासाठीं एक दिवस धंदा बंद ठेवणें ही गोष्ट गांवास ठाऊक होती. फरक होता तो केवळ वाराचा.

पुढें त्यांनीं गांवाचें जें जें घेतां येईल तें तें घेतलें. घरांत मराठी आली, मुलांस मराठमोळीं नांवें पडलीं, स्त्रियांच्या गळ्यांत मंगळसूत्र आलें. किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, नवगांवचे नवगांवकर: गांवोगांवचीं हीं आडनांवें हाच त्यांचा दाखला झाला. सणांचीं मूळ नांवें विसरलीं, तेव्हां तीं मराठींत घडविलीं. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन तो चक्क 'बिरड्याचा सण'! वालाचें बिरडें कोंकणांत कोणास परकें? एलियाहू प्रेषिताच्या नांवें ते मलिदा करितात, त्यांतही आपल्याच घरांतील पोहे, नारळ आणि साखर.

जें सोडावयाचें नाहीं तें मात्र त्यांनीं सोडलें नाहीं, आणि तें राखलें मुख्यतः स्त्रियांनीं. पुढें कित्येक शतकांनीं दाविद राहाबी नांवाचा यहुदी विद्वान कोंकणांत आला, अशी या समाजांत आख्यायिका आहे. हे लोक खरोखर आपल्या धर्माचे कीं काय, याची परीक्षा पाहण्यासाठीं त्यानें तेथील स्त्रियांस नाना प्रकारचे मासे रांधावयास दिले. स्त्रियांनीं खवले व पर असलेले तेवढे ठेवून बाकीचे बाजूस सारले, आणि त्याची खात्री पटली. ग्रंथ बुडाले होते. धर्म चुलीपाशीं शिल्लक होता.

परंतु चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. गांवानें त्यांस जागा दिली, ती जातीच्या उतरंडींतील एक पायरी म्हणून दिली. शेजार होता, देवघेव होती. रोटीबेटीचा व्यवहार नव्हता. आणि खेदाची गोष्ट ही कीं, तीच रीत या पाहुण्यांनींही उचलली. त्यांच्यांत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग पडले. इतर समाजांतील स्त्रियांशीं झालेल्या संबंधांची संतति ती 'काळी' असें ठरवून गोऱ्यांनीं त्यांच्याशीं लग्नसंबंध वर्ज्य मानला. ज्यांनीं आसरा मागितला, त्यांनींच आपल्या अंगणांत दुसरें कुंपण घातलें.

इंग्रजी अमलांत पुष्कळ कुटुंबें घाणे सोडून फौजेंत आणि मुंबईस गेलीं. कंपनीच्या फौजेंतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. १८४६ सालीं वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईंत छापली गेली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं मुलांसाठीं शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुखपदीं अनेक वर्षें राहिलेल्या डॉक्टर जेरुशा झिराड याच समाजाच्या. धर्मकथेसाठीं तर या लोकांनीं आपलें कीर्तन उचललें: आख्यान मोशेचें, चाल मराठी.

१९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें आणि हजारों बेने इस्रायल तिकडे निघाले. ज्या देशाचें नांव पिढ्यान् पिढ्या आपल्या नांवांत वागविलें, तेथें तरी 'तुम्ही कोण?' असें कोणी पुसणार नाहीं, ही त्यांची अपेक्षा. पण घडलें विपरीत. १९६२ सालीं तेथील प्रमुख धर्मगुरूंनीं असा आदेश काढला कीं, या समाजांतील वधूवरांचें इतर यहुद्यांशीं लग्न लावण्यापूर्वीं त्यांच्या आई, आजी यांच्या कुळाची मागें जाईल तितकी चौकशी व्हावी. कोंकणांतील गांवानें जो दाखला मागितला नव्हता, तो आतां स्वकीय मागूं लागले! या लोकांनीं जेरुसलेममध्यें ठिय्या देऊन निदर्शनें केलीं. अखेर ऑगस्ट १९६४ मध्यें इस्रायलच्या कायदेमंडळानें ठराव केला कीं, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. आणि धर्मगुरूंस माघार घ्यावी लागली. आज या समाजाचे बहुसंख्य लोक तिकडेच आहेत. तेथें त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकही चालविलें. महाराष्ट्रांत फार थोडीं कुटुंबें उरलीं. २०१६ सालीं राज्य सरकारनें यहुद्यांस अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली.

या हकीकतीचें तात्पर्य काय? आपला गांव फार उदार, असें म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेण्याजोगें येथें कांहीं नाहीं. उतरंड उतरंडच होती. परंतु गांवानें एक शहाणपण केलें. 'तुम्ही कोणाचे?' याचें उत्तर मिळेना, तेव्हां त्यानें 'तुम्हांस काय येतें?' असें विचारलें, आणि तेवढ्यावर बिऱ्हाड करूं दिलें. उलट, धर्मानें आणि रक्तानें जवळचे असे जे, त्यांनींच वंशावळीचा हट्ट धरला. कुळाची चौकशी माणसें जोडण्यासाठीं क्वचितच होते. बहुधा ती दार लावून घेण्यासाठींच होत असते.

आजही आपल्या गांवीं आणि आपल्या आळींत परप्रांतींचीं कुटुंबें येतात. कोणी सुतारकामास, कोणी बांधकामावर, कोणी आंब्याच्या बागा राखावयास. त्यांची भाषा वेगळी, सणवार वेगळे, सुटीचा वारही कदाचित् वेगळा. त्यांच्या मुलांस आपल्या मुलांबरोबर अंगणांत खेळूं द्यावें कीं नाहीं, हें ठरविणें घरांतील वडील माणसांच्या हातीं असतें. तें ठरवितांना शनवार तेल्यांची आठवण ठेवावी. ज्या बिरड्याचें नांव ते आपल्या शोकदिनास देऊन बसले, तें करावयाची रीत त्यांस कोणा तरी शेजारणीनेंच दाखविली असेल.