पहारेकरी ते सुरक्षा व्यवस्थापक

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना कारखान्यांच्या फाटकांवर उभे असलेले पहारेकरी तुम्ही पाहिले असतील. येणाऱ्या ट्रकचा क्रमांक ते वहीत लिहितात, कागद तपासतात आणि मगच फाटक उघडतात. हे काम तुम्हांला साधे वाटेल. पण त्यामागे आज एक स्वतंत्र व्यवसाय उभा आहे. त्याला ‘औद्योगिक सुरक्षा व्यवस्थापन’ असे म्हणतात.

पूर्वी पहारा म्हणजे काठी, कंदील आणि रात्रीचे जागरण. चोर आला तर त्याला पकडायचे, एवढेच काम. पण कारखाने मोठे झाले, तसे धोकेही वाढले. १९६४ साली रांची येथील अवजड यंत्रे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात मोठी आग लागली. त्या घटनेची चौकशी झाली आणि सरकारी कारखान्यांसाठी वेगळे, प्रशिक्षित दल हवे असे ठरले. त्यातूनच १० मार्च १९६९ रोजी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल स्थापन झाले. अमेरिकेत तर औद्योगिक सुरक्षेचे काम पाहणाऱ्यांनी १९५५ सालीच आपली संघटना उभारली होती. आपल्याकडे खाजगी कारखान्यांत हे काम बहुधा निवृत्त लष्करी व पोलीस अधिकाऱ्यांकडे आले.

सुरक्षा व्यवस्थापक नेमके काय करतो? तो चोराची वाट पाहत बसत नाही. तो आधीच चार प्रश्न विचारतो. आपल्याजवळ जपण्यासारखे काय आहे? त्याला धोका कशापासून आहे? तो धोका कितपत संभवतो? आणि त्यावर परवडणारा उपाय कोणता?

आपल्या जालन्याचीच दोन उदाहरणे घ्या. येथील कारखान्यांत भंगार लोखंड वितळवून सळया तयार होतात. भंगारात एखादे बंद सिलिंडर किंवा पाणी साठलेला डबा राहिला, तर भट्टीत स्फोट होऊ शकतो. म्हणून वजनकाट्यापाशीच भंगार तपासावे लागते. तेथे झालेली हयगय भट्टीजवळच्या मजुराच्या जिवावर बेतते.

दुसरे उदाहरण बियाण्यांचे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. संकरित बियाणे दोन निवडक वाणांच्या संकरातून तयार होते. त्या मूळ वाणांचे मूठभर दाणे जरी चोरीला गेले, तरी अनेक वर्षांचे संशोधन दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणजे येथे केवळ माल नव्हे, तर ज्ञानही जपायचे असते. आज संगणकातील माहितीलाही हेच लागू आहे.

पण फाटकावर उभ्या असणाऱ्या माणसाचे काय? तोही माणूस आहे. त्यालाही योग्य वेतन आणि रजा हवी. ज्या १९८१ साली जालना जिल्हा अस्तित्वात आला, त्याच वर्षी महाराष्ट्राने खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी कायदा केला. त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली. पुढे २००५ साली संसदेने खाजगी सुरक्षा संस्थांना परवाना सक्तीचा केला. त्यानंतर केंद्राने २००६ साली केलेल्या आदर्श नियमांत रक्षकासाठी १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण ठरवले गेले. खाजगी रक्षकाने पोलिसांचा किंवा लष्कराचा गणवेश घालणे हा गुन्हा आहे. कारण तो पोलीस नाही. संशयिताला मारहाण करण्याचा किंवा शिक्षा देण्याचा अधिकार त्याला नाही.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. तेव्हा हॉटेल, रुग्णालय, रेल्वे स्थानक यांनाही सुरक्षेची किती गरज आहे, हे सर्वांना कळले. २०१० साली महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळासाठी कायदा झाला.

या क्षेत्रात जायचे असेल तर केवळ मजबूत शरीर पुरत नाही. कायदा, आग विझवण्याची साधने, वीज व संगणक यांची माहिती हवी. स्वच्छ नोंद लिहिता यावी आणि माणसांशी सभ्यपणे बोलता यावे. ‘बंदोबस्त’ हा शब्द मराठीत आणि उर्दूत सारखाच आहे. बंदोबस्त चांगला असेल तर काहीच घडत नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नाही. पण संध्याकाळी कारखान्यातून प्रत्येक कामगार सुखरूप घरी परततो, तेव्हा त्यात त्या पहारेकऱ्याच्या जागरूकतेचाही वाटा असतो.