ऑर्किडचे पाणी आणि कुंडी : गैरसमज व वस्तुस्थिती

गैरसमज : ऑर्किड म्हणजे बांडगूळ.
वस्तुस्थिती : बांडगूळ आश्रयदात्या झाडात मुळे घुसवून अन्नरस शोषते. झाडावर वाढणारी आमरी (ऑर्किड) सालीला केवळ धरून राहते. पाणी व क्षार तिला पावसातून, दवातून आणि सालीवर साचलेल्या पालापाचोळ्यातून मिळतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील सह्याद्रीत अशा आमरी आढळतात.

गैरसमज : वर्षभर सारखेच पाणी द्यावे.
वस्तुस्थिती : रानातील डेंड्रोबियम बार्बेट्युलम ही आमरी पावसाळ्यात वाढते आणि फुगीर खोडात पाणी साठवते. पुढे पाने गळतात आणि निष्पर्ण खोडांवर फुले येतात. अशा जातींना वाढीच्या काळात भरपूर पाणी द्यावे, वाढ थांबताच कमी करावे आणि नवे कोंब व मुळे फुटली की पुन्हा वाढवावे. बाजारातील संकरित डेंड्रोबियम बहुधा हिवाळ्यातही हिरवे राहते. त्याचे पाणी कमी करावे, पूर्ण तोडू नये. फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या आमरीला साठवणीचे खोड नसते. तिला कोरडी विश्रांती मानवत नाही.

गैरसमज : रोज घोटभर पाणी पुरते.
वस्तुस्थिती : मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पाणी झटकन शोषते. कोरडे मूळ करडे-पांढरे दिसते, भिजल्यावर हिरवे होते. तळातून पाणी निथळेपर्यंत सकाळी द्यावे आणि मुळे करडी झाल्यावरच पुन्हा द्यावे. जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात एप्रिल-मेमध्ये लहान कुंडीला रोजही पाणी लागू शकते. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर संततधारेत वरून पाणी देण्याची गरज नसते. फॅलेनॉप्सिसच्या शेंड्यातील बेचक्यात पाणी साचले तर शेंडा कुजतो.

गैरसमज : विहिरीचे किंवा बोअरचे कोणतेही पाणी चालते.
वस्तुस्थिती : जड पाण्यातील क्षार मुळांवर व कुंडीवर पांढरे साचतात आणि मुळांची टोके करपतात. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. ते कमी असल्यास अधूनमधून त्याने कुंडी धुवून काढावी.

गैरसमज : माती आणि शेणखताने झाड जोमदार होते.
वस्तुस्थिती : झाडावरच्या आमरीच्या मुळांना हवा लागते, मातीत ती गुदमरून कुजतात. कोळसा, विटांचे तुकडे, झाडाची साल आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भोके असलेल्या कुंडीत भरावेत. सोडण ओलावा धरून ठेवते, म्हणून ते कोरड्या हवेत जास्त, पावसाळी भागात कमी घालावे. हबेनारियासारख्या जमिनीवरच्या आमरी मात्र मातीतच वाढतात. पावसाळ्यानंतर त्यांचा वरचा भाग सुकतो आणि कंद जमिनीखाली सुप्त राहतो. त्या काळात पाणी दिल्यास कंद कुजतो.

गैरसमज : मोठ्या कुंडीत झाड लवकर वाढते आणि कुंडी केव्हाही बदलता येते.
वस्तुस्थिती : मोठ्या कुंडीचा मधला भाग ओला राहतो आणि मुळे सडतात. मुळे जेमतेम मावतील एवढीच कुंडी घ्यावी. कुंडीतील साल-सोडणाचे भरण साधारण दोन-तीन वर्षांत कुजते. फुले संपून नवी मुळे फुटू लागली की ते बदलावे, मेलेली मुळे छाटावीत आणि पहिले काही दिवस पाणी बेताने द्यावे.

गैरसमज : रानातून उपटून आणलेली आमरी घरी सहज जगते.
वस्तुस्थिती : मुळे तुटलेली रोपे घरी बहुधा टिकत नाहीत. शिवाय अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे 1986 पासून अभयारण्य असल्याने तेथून रोपे काढणे गुन्हा आहे. लागवडीसाठी रोपवाटिकेत ऊतिसंवर्धनाने तयार झालेली रोपे घ्यावीत.