डेल्टातल्या प्लॉटमध्ये भांडवल घालण्याआधी

कावेरी डेल्टातल्या तंजावरजवळच्या गावात प्लॉट पाडण्यासाठी कुणी मोबाईलवरून भांडवल मागत असेल, तर आधी तमिळनाडू सरकारची संकेतस्थळे उघडा. आपल्या सातबाऱ्यासारखे पट्टा आणि चिट्टा तिथे दिसतात. जमिनीवरचा बोजा नोंदणी खात्याच्या पोर्टलवर कळतो. 500 चौरस मीटरहून मोठा विक्रीचा ले-आउट रेरात नोंदवावा लागतो, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात राहतात.

थेट प्लॉटऐवजी सेबीच्या 2024च्या नियमांतील छोट्या रीट्समध्ये, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या गुंतवणूक ट्रस्टमध्ये, पैसे घालायचे तर किमान 10 लाख रुपये लागतात. पण त्यांना रिकामी जमीन किंवा शेतजमीन घेता येत नाही. जमिनीच्या वापराचे म्हणाल तर तमिळनाडूच्या 2020च्या संरक्षित कृषिक्षेत्र कायद्याने या डेल्टात नवे तेल-वायू उत्खनन रोखले, घरांचे ले-आउट मात्र त्याच्या बंदीच्या यादीत नाहीत.