दुभंगलेल्या काचेची कॉर्व्हेट

१९६३ सालची शेवरले कॉर्व्हेट स्टिंग रे ही कूप, म्हणजे पक्क्या छपराची दोन आसनी गाडी, अमेरिकेत विक्रीला निघाली की जाणकार ग्राहक बहुधा आधी तिच्या मागच्या बाजूला जातो, कारण तिची मागची काच मधोमध एका उभ्या पट्टीने दुभंगलेली असते आणि ही पट्टी कॉर्व्हेटच्या साऱ्या इतिहासात त्या एकाच वर्षाच्या कूपवर आढळते. त्या वर्षी तयार झालेल्या २१,५१३ कॉर्व्हेटपैकी १०,५९४ कूप होत्या. बाकीच्या उघड्या छपराच्या असल्याने त्यांना अशी काच असण्याचा प्रश्नच नव्हता. पट्टीमुळे गाडी ओळखू येते आणि तिची किंमतही वाढते, हे खरे असले तरी या गाडीचे खरे अप्रूप बॉनेटखाली आहे, आणि तिच्या खरेदीतला खरा धोकाही तिथेच आहे.

जनरल मोटर्सने कॉर्व्हेट प्रथम जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलातील प्रदर्शनात मांडली आणि त्याच वर्षी मिशिगनमधील फ्लिंट येथे तिच्या ३०० गाड्या जवळजवळ हातानेच बांधल्या; पुढच्या वर्षी उत्पादन सेंट लुईसला हलले. सहा सिलिंडरांच्या त्या देखण्या पण मंद गाडीला खऱ्या अर्थाने वेगवान करण्याचे श्रेय मुख्यतः झोरा अर्कस-डुंटोव्ह या ब्रुसेल्समध्ये जन्मलेल्या अभियंत्याकडे जाते. स्टिंग रेच्या रूपाची सूत्रे मात्र बिल मिचेल या जनरल मोटर्सच्या रचनाप्रमुखाच्या हाती होती आणि दोघांचा वाद नेमका त्या पट्टीवरून झाला. छपरावरून मागे उतरणारी कण्यासारखी रेघ अखंड राहावी असा मिचेल यांचा आग्रह होता, तर चालकाला आरशात मागचे नीट दिसत नाही हा डुंटोव्ह यांचा आक्षेप होता. मिचेल यांचे म्हणणे वर्षभर टिकले. १९६४ च्या गाडीला एकसंध काच आली. त्यानंतर १९६३ च्या कित्येक मालकांनी आपल्याच गाडीची पट्टी कापून नवी काच बसवून घेतली, कारण फायबरग्लासचे, म्हणजे काचतंतू आणि रेझिन यांचे, कवच कापणे पत्र्याइतके अवघड नसते. आता त्याच गाड्यांवर पट्टी पुन्हा चढवली जाते, आणि सांध्याची जागा शोधणे हे खरेदीदाराचे काम होऊन बसले आहे.

३२७ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन चार ताकदींत मिळे. त्यांतले सर्वांत जोरदार ३६० अश्वशक्तीचे होते आणि त्याला कार्बोरेटरच नव्हता. त्याऐवजी त्यावर जनरल मोटर्सच्याच रॉचेस्टर विभागाने बनवलेली इंधन-अंतःक्षेपण यंत्रणा होती, जी सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेत दाबाने पेट्रोल फवारते. आजच्या गाड्यांत हे काम संगणक करतो. रॉचेस्टरच्या यंत्रणेत एकही विद्युत संवेदक नव्हता आणि सारा हिशेब हवेचा दाब, रबरी पडदे व तरफा यांच्यावर चाले. इंजिनात शिरणारी हवा व्हेंचुरी या निमुळत्या मार्गातून जाताना तिथला दाब घटतो. हवा जितकी जास्त, तितकी घट मोठी. ही घट एका नळीने पातळ पडद्यापर्यंत पोचते, पडदा वर ओढला जातो आणि तरफेच्या दुसऱ्या टोकाची बारीक दांडी खाली दाबली जाते. ठिणग्या वाटणाऱ्या वितरकाला जोडलेल्या लवचिक तारेवर फिरणारा दंतचक्री पंप सदैव गरजेपेक्षा अधिक पेट्रोल पुरवत असतो; दांडी खाली गेली की जादा पेट्रोल परत टाकीसारख्या छोट्या कुंडीत सांडण्याची छिद्रे झाकली जातात, दाब वाढतो आणि आठही तोट्यांतून फवारा जोर धरतो. तरफेचा टेकू स्वतः सरकता असून दुसरा पडदा इंजिनावरच्या भारानुसार तो हलवतो, त्यामुळे सावकाश चालताना मिश्रण पातळ राहते आणि चढावर किंवा वेग घेताना ते घट्ट होते. एवढे सूक्ष्म गणित निव्वळ धातू आणि रबराकडून करवून घेणे हे असामान्य बुद्धिमत्तेचे काम आहे. भरधाव वळणावर कार्बोरेटरमधले पेट्रोल एका बाजूला कलंडून इंजिन गुदमरते, तसे इथे सहसा होत नसे, हा तिचा शर्यतीतला मोठा लाभ होता.

परंतु इंजिन मंद चालताना व्हेंचुरीतली घट अत्यंत क्षीण असते, आणि पडद्याला बारीकशी चीर गेली किंवा तरफेच्या खिळीला किंचित मळ चढला, तरी सारा हिशेब चुकतो. गरम इंजिन बंद केल्यावर तोट्यांजवळचे पेट्रोल उकळते आणि गाडी पुन्हा सुरू होताना अडते. गल्लोगल्लीच्या मेकॅनिकला हे यंत्र उमगत नसे, म्हणून अनेक मालकांनी ते उतरवून साधा कार्बोरेटर बसवला. १९६५ मध्ये अंतःक्षेपणाच्या पर्यायाला ५३८ डॉलर पडत, तर ४२५ अश्वशक्तीचे नवे मोठे इंजिन २९२.७० डॉलरमध्ये मिळे. त्या वर्षी केवळ ७७१ ग्राहकांनी अंतःक्षेपण निवडले आणि ते बंद झाले.

१९६३ मध्ये हा पर्याय ४३०.४० डॉलर देऊन २,६१० गाड्यांसाठी घेतला गेला होता. तेव्हा नकोशा झालेल्या यंत्रणेला आज इतकी मागणी आहे की मुळात साध्या इंजिनाच्या गाडीवर ती चढवून ‘फ्यूएली’, म्हणजे मूळची अंतःक्षेपणाची गाडी, म्हणून विकण्याचा मोह अनेकांना होतो. खरेखोटे ठरवणारा पुरावा इंजिनाच्या ठोकळ्यावर, प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर-हेडपुढे असलेल्या बोटभर सपाट जागेवर असतो. तिथे ठोकलेल्या अक्षरांत कारखाना, जुळणीची तारीख आणि ताकदीचा संकेत असतो. ३६० अश्वशक्तीसाठी तो ‘आरएफ’ आहे. त्याच जागेवर गाडीचा अनुक्रमांक असतो आणि तो ग्लोव्ह बॉक्सखाली बसवलेल्या पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळावा लागतो. ठोकळा पुन्हा घासून नवे आकडे ठोकणारे आहेतच; म्हणून आकड्यांपेक्षा त्यांच्याखालच्या समांतर बारीक रेषा पाहिल्या जातात, कारण मूळ कारखान्यातील यंत्राने उमटवलेल्या या रेषा घासणीत नाहीशा होतात.

फायबरग्लास गंजत नाही, या समजुतीवर विसंबणेही महागात पडते. त्याच्या आत समोरच्या काचेला आणि दारांना आधार देणारा पोलादी पिंजरा असतो, खाली पोलादी चासी असते, आणि दोन्हींना आतून गंज धरतो. काचेच्या खालच्या कोपऱ्यांत आणि मागच्या चाकांपुढे चासी वर वळते तिथे तो आधी दिसतो. नव्या रंगाच्या चकाकीमागे असा गंजलेला पिंजरा लपला, तर तो बदलण्यासाठी गाडी जवळजवळ पूर्ण उघडावी लागते.

या साऱ्याचा विचार करता, चकचकीत पण घासलेल्या ठोकळ्याच्या गाडीपेक्षा, रंग उडालेली, बंद पडलेली, परंतु मूळ रेषा, मूळ पट्टी आणि निरोगी पिंजरा शाबूत असलेली गाडी अधिक मोलाची ठरते. पडदे नवे मिळतात, तरफा पुन्हा जुळवता येतात, पण कारखान्याने उमटवलेल्या रेषा पुन्हा आणता येत नाहीत. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी खरेदीदाराने ती बोटभर जागा आडव्या उजेडात स्वतः पाहावी, आणि ती पाहू न देणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करू नये.