शेणखताला घाई नसते!

सेंद्रिय शेतीची रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतीलच. ‘शेणखत टाका, युरियाला रामराम करा!’ आपण ते उत्साहाने फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि गावाकडचे बाबा किंवा काका नुसता अंगठा दाखवून गप्प बसतात. त्यांना मातीचं काही पडलेलं नाही, असं समजू नका. खत टाकलं म्हणजे ते लगेच पिकाला मिळालं असं नसतं, हे त्यांना ठाऊक असतं.

शेणखतात नायट्रोजन, म्हणजे आपलं नत्र, असतं खरं. पण ते बहुतेक सगळं प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंमध्ये अडकलेलं. ते मुळांना फारसं उपयोगी पडत नाही. मातीतले जिवाणू आणि बुरशी आधी हे रेणू फोडतात, त्यातून अमोनियम सुटतं. मग नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे दुसरे जिवाणू नायट्रेट. अमोनियम किंवा नायट्रेट झालं की पिकाचं ताट वाढलं!

पण हे जिवाणू आपल्यासाठी थोडेच राबतात? ते स्वतःचं पोट भरत असतात. त्यांच्या शरीरात साधारण 8 भाग कर्बामागे 1 भाग नत्र असतं. खाल्लेला बराचसा कर्ब श्वासावाटे उडून जातो, म्हणून अन्नात 20 ते 25 भाग कर्बामागे 1 भाग नत्र असलं तरी त्यांचं भागतं. नत्र त्याहून जास्त असेल तर उरलेलं पिकाला. शेंगदाण्याची पेंड म्हणूनच लवकर लागू पडते, तिच्यात सुमारे 7 टक्के नत्र असतं. उलट गव्हाच्या काडात हेच प्रमाण 80 ला 1 च्या आसपास. मग जिवाणू तूट कुठून भरून काढतात? मातीत आधीच असलेल्या नत्रातून! म्हणजे काडीकचऱ्याने भरलेलं, अर्धकच्चं शेणखत पेरणीच्या तोंडावर टाकलं, तर खत घालूनही कोवळं पीक पिवळं पडतं.

आता थोडं गणित. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला 5 किलो. त्यातलं पहिल्या पिकाला सुमारे 30 टक्केच मिळतं असं धरतात, म्हणजे दीड किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र. एका गोणीला 14 टन शेणखत! युरियातलंही बरंच नत्र हवेत उडतं, पाण्याबरोबर वाहून जातं, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही. तरीही ‘या हंगामापासून युरिया बंद’ असं घरी सांगण्याआधी गोठ्यात जनावरं किती आहेत ते मोजा. फटका बसला तर तो अख्ख्या हंगामाला बसतो, रील बनवणाऱ्याला नाही.

मग उरलेलं 70 टक्के वाया गेलं का? छे! इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडला बार्लीच्या शेताच्या एका तुकड्यात 1852 ते 1871 अशी 20 वर्षं शेणखत घातलं आणि मग थांबवलं. त्यानंतर 100 वर्षं उलटली तरी त्या मातीत सेंद्रिय कर्ब, कधीच खत न घातलेल्या तुकड्यापेक्षा जास्त होता.

आणखी एक गंमत पावसाची. उन्हाळाभर तापून कोरडी पडलेली माती भिजली की जिवाणूंची एकदम चंगळ होते आणि नत्राचा लोंढाच सुटतो. 1950 च्या दशकात पूर्व आफ्रिकेत एच. एफ. बर्च यांनी यावर काम केलं, म्हणून याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. शेत रिकामंच राहिलं तर हे नायट्रेट पुढच्या पावसात खाली झिरपून जातं. पहिल्या पावसानंतर वाफसा आला रे आला की आजोबांची पेरणीची लगबग का, याचं एक कारण इथेही सापडेल.

पटत नसेल तर हॉस्टेलच्या खिडकीत दोन कुंड्या ठेवा. माती सारखीच, फक्त एकीत दोन मुठी लाकडाचा बारीक भुसा मिसळा. दोन्हीत मोहरी पेरा आणि तीन आठवडे पानांचा रंग बघा. मेथी मात्र नको. तिच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू थेट हवेतलं नत्र घेतात, त्यामुळे फरक नीट दिसणार नाही.